उद्या टापूवर

आमचे घरमालक रोज दिवेलागणीला उद्याचं हवामान सांगत. आपल्या गावचं नव्हे. गेवराई तालुक्यात, तलवाड्यापासून दोन कोसांवरच्या त्या गावात, धोतराचा सोगा खांद्यावर टाकून ते ओट्याच्या कडेला उभे राहत आणि सांगत, की उद्या टापूवर आग्नेयेचा वारा राहील, मध्यम. उगवतीच्या किनाऱ्याला पहाटे दोन-तीन सरी, डोंगरावर ढग, मावळतीचा किनारा कोरडा. दर्या बरा, पण लहान नावांनी बेतानं. एवढं बोलून ते खाकरत आणि आत जाऊन जेवायला बसत.

निजामाच्या राज्यात मुदर्रिस, म्हणजे शाळामास्तर, म्हणून मी नुकताच लागलो होतो. हुकूम उर्दूत, पोरं मराठीत आणि मी या दोन्हींच्या मधे. गावात भाड्यानं राहण्याजोग्या जागा दोनच. एक पाटलांच्या गोठ्याला लागून आणि दुसरी यांच्या घरात. मला म्हशींपेक्षा माणूस बरा वाटला. पहिल्या संध्याकाळी ते हवामान ऐकलं तेव्हा मी समजलो, यांचा मुलगा नाहीतर भाऊ तिकडं असणार. विचारलं, तर म्हणाले, कुणी नाही. मग हे सांगता कुणासाठी, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी मुकाट्यानं कंदिलाची काच पुसायला घेतली.

टापू म्हणजे दूर दर्यातलं एक बेट. त्याचं खरं नाव ते सांगत, पण ते आमच्यापैकी कुणाच्याच जिभेला वळलं नाही. ऐन जवानीत बापाशी भांडून ते मुंबईला गेले आणि तिथून आगबोटीत बसून ऊस तोडायला टापूवर. ऊस फार दिवस तोडावा लागला नाही. मराठी घरची, दखनी शेजारची, आणि तिकडची बोली त्यांनी सहा महिन्यांत उचलली. बंदरावर एक हवामानाचं दफ्तर होतं. तिथला साहेब रोज संध्याकाळी उद्याचा अंदाज दोन ओळींत लिहायचा आणि धक्क्यावरच्या नावाड्यांना, गाडीवानांना, उसाच्या मजुरांना तो ज्याच्या त्याच्या बोलीत ओरडून सांगायला माणूस हवा होता. ती नोकरी यांनी पंधरा वर्षं केली. आई थकली म्हणून परत आले, आई गेल्यावर इथंच राहिले. लग्न केलं नाही. गाव त्यांना मागे टापूवाले म्हणे आणि तोंडावर दादा.

आता एवढ्या लांबून अंदाज सांगणाऱ्या माणसाला वेडा ठरवणं सोपं होतं, आणि गावानं ते केव्हाच उरकलं होतं. पण मी पडलो मास्तर. मी त्यांना भूगोलाच्या अंगानं छेडलं. इथं बसून तिथलं कसं कळतं? तेव्हा त्यांनी चुलीतला कोळसा घेऊन माझ्याच खोलीच्या सारवलेल्या भिंतीवर टापू काढला. मधे डोंगर, आणि उजव्या हाताला खालून वर येणारे बाण. तिथला वारा, म्हणाले, वर्षातले बहुतेक दिवस एकाच अंगानं वाहतो. जुन्या शिडाच्या जहाजांचा सगळा व्यापार त्याच्यावर चालायचा. दर्यावरून येताना ओला असतो, डोंगर चढताना सांडतो, पलीकडे उतरतो तेव्हा त्याच्याजवळ द्यायला काही उरत नाही. म्हणून आज जे, तेच उद्या. दहा दिवसांतले नऊ दिवस अंदाज बरोबरच येतो, मग सांगणारा धक्क्यावर उभा असो की गेवराई तालुक्यात. दहाव्या दिवसाचं काय, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी कोळसा चुलीत टाकला आणि हात धुतले.

ती भिंत मी नंतर पोरांना दाखवायला आणली, म्हणजे पोरांना भिंतीपाशी आणलं. तपासणीला साहेब आले तेव्हा माझ्या वर्गाला बीडच्या शेजारचे जिल्हे सांगता आले नाहीत. उद्या टापूवर कुठल्या किनाऱ्याला पाऊस पडणार, हे मात्र बावीसच्या बावीस जणांनी एका सुरात सांगितलं. शेरा काय पडला ते इथं लिहीत नाही.

त्यांची शेवटची ओळ तर गावानं पळवलीच होती. कुणाची बायको रुसलेली असली, की पारावर कुणीतरी म्हणायचं, आज दर्या खवळलाय, लहान नावांनी बेतानं. वसुलीला गिरदावर आला, की तेच. एकदा कीर्तनकार बुवा जेवणावरून बिघडले, तेव्हा एक वाढपी दुसऱ्याच्या कानात तेच पुटपुटला आणि भरल्या पंगतीत दोघं भाताचं पातेलं घेऊन हसत सुटले. हे सगळं दादांच्या कानावर जाई. त्यांना राग येत नसे. आपलं वाक्य चारचौघांच्या उपयोगी पडतंय, याचं त्यांना समाधानच वाटत असावं.

घर त्यांनी टापूच्या हिशेबानं लावलं होतं. उगवतीच्या खोल्या वाऱ्याकडच्या, मावळतीच्या आडोशाच्या. धान्य, कपडे, चटणी-मीठ सगळं आडोशाला. मी वाऱ्याकडे. माझ्या खोलीची खिडकी लावायची नाही, ही भाडेकरूला पहिली अट. वारा अडवला की तो रुसतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्या गावचा वारा उन्हाळ्यात मावळतीकडून येतो आणि हिवाळ्यात येतो तेव्हा नुसता गारठा आणतो, हे मी दोन वर्षं त्यांना सांगत होतो. खिडकी उघडीच राहिली. पहिल्या थंडीत मला पडसं झालं तेव्हा सुंठेचा काढा मात्र त्यांनीच करून दिला, आणि तो मी त्याच उघड्या खिडकीशी बसून प्यालो.

माळवदावर त्यांनी एक लांब बांबू रोवला होता आणि त्याच्या टोकाला तांबड्या लुगड्याची चिंधी बांधली होती. वारा कुठून येतो ते पाहायला. ते दिवस असे, की छपरावर तांबडं फडकं दिसलं की सरकारला बंडाचा वास यायचा. कुणीतरी कळवलं असावं. एके दिवशी पोलिसांचे अमीनसाहेब घोड्यावरून हजर. हा झेंडा कुणाचा, असं त्यांनी दरडावून विचारलं. दादा म्हणाले, हुजूर, हवेचा. मग त्यांनी अमीनसाहेबांना ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि अस्सल दखनीत व्यापारी वारे समजावून सांगितले. मी शाळेतून आलो तेव्हा अमीनसाहेब बूट काढून मांडी घालून बसले होते आणि टापूवर उन्हाळा बरा की आपला, असं विचारत होते. जाताना त्यांनी उद्याचा अंदाज विचारून घेतला. टापूचाच. चिंधी राहिली.

या सगळ्यात एकच गोष्ट लोकांना खटकायची. हा माणूस आपल्या गावचं हवामान काही केल्या सांगत नसे. बायका ओट्याखालून जाताना विचारायच्या, दादा, पापड घालू का आज? ते म्हणायचे, टापूच्या मावळतीला घातलेत तर वाळतील. एकदा मृग कोरडा गेला तेव्हा पारावरच्या एका म्हाताऱ्यानं सरळच तोंडावर विचारलं, "तुमाला एवढं समदं कळतंय, तर आमच्या गावचं कावून सांगत न्हाई?" दादांनी त्याला पाऊस कमी का पडतो ते सांगितलं. आपण सह्याद्रीच्या पाठीला बसलोय, टापूच्या मावळतीसारखे, आपल्यापर्यंत येतो तो सांडून आलेला वारा. म्हातारा म्हणाला, हे आमाला बी ठावं हाय, उद्याचं बोला. दादा उठून घरी आले.

मला याचं कारण बीडजवळच्या कपिलधारला कळलं. वर्षातून एकदा ते पायी कपिलधारला जात. देवाला हात जोडत, पण खरी ओढ धबधब्याची. खाली दगडावर बसून ते तुषार अंगावर घेत. तिसऱ्या वर्षी मला बरोबर घेऊन गेले. लोक प्रसादाला गेले होते, आम्ही दोघंच दगडावर होतो. पाण्याकडे बघत ते बोलायला लागले.

टापूवर असताना एका संध्याकाळी बंदरावर साहेबाची चिठ्ठी आलीच नाही. साहेब तापानं फणफणला होता. धक्क्यावर लोक ताटकळले होते. सकाळपासून वारा पडला होता. कधी पडत नाही तो वारा, पण अगदी पडला होता, दर्या तेलासारखा गुळगुळीत. दादांना ते खटकलं, पण आपण शिकलेले थोडेच, आपल्याला काय कळतं, असं म्हणून ते नेहमीचं ओरडले. उद्या आजच्यासारखंच. त्यांचा रत्नागिरीकडचा एक मित्र होता, नाव चालवायचा, यांच्या हातचं पिठलं आवडीनं खायचा. तो पहाटे दोघा पुतण्यांना घेऊन मासे धरायला गेला. दुपारी तुफान आलं. तिघंही परत आले नाहीत.

मला वाटलं, आता ते सांगतील की लोकांनी शिव्या दिल्या, मारलं. तसं काही झालं नव्हतं. "कुनी एक शबुद बोललं न्हाई, मास्तर," ते म्हणाले. "नुस्तं इचारायचं बंद केलं. मी धक्क्यावर उभा ऱ्हाऊन वरडायचो आन लोक खाली मान घालून जाळी इनत बसायचे." त्यानंतर चार वर्षं ते तसेच रोज ओरडत राहिले होते. मग आईचं पत्र आलं. आईनं सुटका केली, असं ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर मला सगळं उलगडलं. ज्या अंदाजावर विसंबून कुणी नाव लोटणार नाही, तेवढाच अंदाज सांगायचा, असा या माणसानं नेम केला होता. आमच्या गावात बसून टापूचं हवामान सांगण्याइतकं बिनधोक काम दुसरं नव्हतं. मी त्यांना मनातल्या मनातही वेडा म्हणायचं त्या दिवसापासून सोडलं. खिडकीबद्दलची कुरकुरही काही दिवस बंद ठेवली.

फाल्गुनातली गोष्ट. ज्वारीची मळणी उरकली होती आणि गावच्या सगळ्या खळ्यांवर भुसासकट धान्याच्या राशी पडल्या होत्या. आता उपणायचं. तिवईवर उभं राहून पाटीतून धान्य खाली सोडायचं, भूस वाऱ्यानं बाजूला उडतं, दाणा पायाशी पडतो. पण त्याला वारा लागतो, आणि वारा तीन दिवस पडलेला. झाडाचं पान हलत नव्हतं. माणसं तिवईवर चढत, हात वर करून पाहत आणि उतरत. त्यात तिसऱ्या दिवशी दुपारनंतर मावळतीला काळपट ढग दिसायला लागले. आदल्या वर्षी याच सुमाराला गारा पडून तलवाड्याकडच्या खळ्यांवर ज्वारीचा चिखल झाला होता. भिजलेल्या ज्वारीला मोड येतात, तिची भाकरी काळी आणि कडू होते. एवढं सगळं कुणाला वेगळं सांगायची गरज नव्हती.

आमच्या शेजारी सरूबाई राहायची. नवरा गेलेला, दोन लेकरं, तीन एकर कोरडवाहू. भावाची बैलं मागून आणून तिनं मळणी केली होती. वर्षाची भाकरी म्हणून जे काही होतं ते तिच्या खळ्यावर उघडं पडलं होतं. रास तशीच ठेवावी तर गारांची भीती. भुसासकट घरी आणावी तर एकटीची दोन दिवसांची मरमर, आणि वारा सुटला की पुन्हा सगळं खळ्यावर वाहून न्यायचं. ती दिवेलागणीच्या तोंडावर ओट्याशी आली. दादा नुकतेच कडेला येऊन उभे राहिले होते.

"दादा, टापूचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माज्या खळ्याचं सांगा."

ते म्हणाले, ते आपलं काम नाही. ती हलली नाही. म्हणाली, "तुमाला कळतंय आन तुमी सांगत न्हाई. मंग मी कुनाला इचारू?" ती आवाज चढवून बोलली असती तर त्यांनी टाळलं असतं. पण ती साधं बोलली, आणि आता खरंच दुसरं कुणी नाही अशी उभी राहिली.

ते माळवदावर गेले. मीही मागे गेलो. तांबडी चिंधी बांबूला चिकटून लोंबत होती. ते तिच्याकडे बघत राहिले, ढगांकडे कमी आणि त्या लोंबत्या चिंधीकडे जास्त. मला तेव्हा कळायला हवं होतं. त्यांना आमचा फाल्गुन दिसतच नव्हता, तो तेलासारखा दर्या दिसत होता. खाली येऊन ते सरूबाईला म्हणाले, "उचल. आताच उचल. वारा असा पडला की उद्या दुपारच्या आत येतंय."

टापूवाल्यानं गावचं हवामान सांगितलं, ही बातमी ढगांच्या आधी गावभर झाली. जो माणूस आजवर पापडावर बोलला नाही तो बोलतोय म्हणजे काहीतरी असणारच, असा सगळ्यांनी अर्थ लावला. गाड्या जुंपल्या गेल्या. पाट्या, पोती, धोतरं, जे मिळेल त्यात भुसासकट ज्वारी रात्रभरात घराघरात येऊन पडली. घरं भरली तेव्हा शाळा उघडली. माझ्या टेबलाच्या चारी पायांना ज्वारी लागली आणि हजेरीपट मी उंच खुंटीला टांगला. सरूबाईची रास दादांनी आणि मी वाहिली. एकटे पाटील तेवढे खळ्यावर बाज टाकून बसून राहिले. टापूवाल्याच्या सांगण्यावरून पाटलाची रास हलली असं होणार नाही, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं, आणि मावळतीकडून वारा सुटला. काय वारा होता तो. एका लयीत, ना जोराचा ना मंद, उपणणाऱ्यानं नवस करून मागावा असा. चिंधी सरळ ताठ आडवी. आणि अख्ख्या गावाची ज्वारी घरात, माजघरात, देवघरात, आणि इयत्ता तिसरीच्या वर्गात. खळ्यावर एकटे पाटील तिवईवर उभे राहून उपणत होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम घालत होते. रोज कुणाला रामराम घालत नसत ते.

दादांनी त्या सकाळी माझ्या खोलीची खिडकी आपल्या हातानं लावली आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. बाहेर चार तरुण पोरं ओट्यापाशी आली, गारा कुठं उतरवायच्या, पोती आणलीत, असं म्हणू लागली. मी त्यांना हुसकलं. वारा पडणं आणि तुफान येणं यांची गाठ टापूवर असते, आपल्याकडे फाल्गुनात वारा दिशा बदलण्याआधी असाच दोन-चार दिवस बसतो, हे पारावरचा कुठलाही म्हातारा सांगू शकला असता. म्हाताऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि दादांनाही ते सुचलं नव्हतं. मी आत गेलो तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. म्हणाले, मास्तर, दोन्ही येळेला चुकलो. मी म्हटलं, ज्वारी परत न्यायची आहे, माणसं कमी पडतायत.

ते उठले. त्या दिवशी त्यांनी किती पाट्या वाहिल्या याला गणती नाही. आधी शाळा रिकामी केली, मग ज्याच्या घरात म्हणून बोलावलं त्याच्या घरात शिरले. लोक टोमणे मारत होते आणि त्यांच्याच डोक्यावर पाटी चढवत होते. दुपारपर्यंत टोमणे संपले, कारण बोलत बोलत पाटी उचलता येत नाही. उतरत्या उन्हात ते सरूबाईच्या खळ्यावर तिवईवर चढले. पाटी कपाळापर्यंत उचलून त्यांनी धान्य सोडलं आणि भूस सोन्याच्या धुरासारखं एका बाजूला वाहत गेलं. अर्धी रास उपणून झाली तेव्हा दिवस कलला. माणूस नखशिखांत भुसानं माखला होता, भुवया पिवळ्या झाल्या होत्या.

दिवेलागणीला ते हातपाय धुवून ओट्यावर आले आणि खाली बसले. उभे राहिले नाहीत. पारावरची माणसं नेहमीसारखी इकडे कान लावून होती. मी वाट पाहिली, टापूवरचा आग्नेयेचा वारा, पहाटेच्या सरी, काहीच आलं नाही. आता हा माणूस पुन्हा तोंड उघडत नाही, असं माझ्या मनात आलं आणि खरं सांगतो, मला रडू आलं. तेवढ्यात सरूबाई आली. पदराला हात पुसत, घाईत, चुलीवर काहीतरी ठेवून आल्यासारखी.

"दादा, उद्याचं कसं हाय?" तिनं विचारलं.

त्यांनी वर पाहिलं. "सरू, काल चुकलं की माजं."

"चुकलं तर चुकलं. पाठ दुकली, दुसरं काय झालं? दानं माजंच हायत, घरी आलते, माघारी गेले," ती म्हणाली. "निम्मी रास ऱ्हायलीय. लौकर यावं का उनं तापल्यावर, तेवडं सांगा."

ते उठले, ओट्याच्या कडेला गेले आणि त्यांनी मावळतीकडे तोंड केलं. गालावरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. नंतर पारावरच्या एका म्हाताऱ्याकडे वळून त्यांनी विचारलं, की बाबा, फाल्गुनातला हा वारा एकदा सुटला की किती दिवस टिकतो? म्हाताऱ्यानं बोटं मोजून काहीतरी सांगितलं. त्यावर मान हलवून ते सरूबाईला म्हणाले, लवकर ये, वारा दुपारपर्यंत राहील असं वाटतंय.

दुसऱ्या दिवशी वारा दुपारपर्यंत राहिला की नाही, हे मला आता आठवत नाही. सरूबाई पहाटेच खळ्यावर गेली होती, एवढं आठवतं. आणि संध्याकाळी ती पुन्हा विचारायला आली होती.